न्यायमूर्ति काशिनाथ त्रिंबक तेलंग

हार्बर मार्गावरून रोज येजा करणाऱ्या मंडळींना रे रोड हें स्टेशन चांगलें परिचयाचें आहे. डॉकयार्ड रोड मागें पडला आणि कॉटन ग्रीन यावयाचें आहे, एवढ्या अवकाशांत गाडी तेथें क्षणभर थांबते. एका बाजूला लाकडाच्या वखारी, पलीकडे बंदराची जमीन, दारुखान्याकडची भंगाराची दुकानें आणि जुनीं जहाजें मोडण्याचे धक्के, असा हा भाग. १९१० सालीं कुर्ल्याहून गाडी प्रथम येथवर आली आणि १९२५ सालीं ती बोरीबंदरापर्यंत पोहोंचली. स्टेशनाच्या पाटीवर "रे" हें एकच अक्षर वाचून हा सा-रे-ग-म मधला रे कीं काय, असें एखाद्या चौकस मुलानें आपल्या वडिलांस विचारलें तर त्यांत नवल नाहीं. परंतु वडिलांनाहि बहुधा उत्तर ठाऊक नसतें. रुळांवरचा जुना पूल गेला, २०२५ सालीं तेथें तारांनीं तोललेला नवा पूल झाला, तरी नांव मात्र तेंच राहिलें.

हे रे म्हणजे १८८५ पासून १८९० पर्यंत मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड रे. डोनाल्ड जेम्स मॅके हें त्यांचें मूळ नांव. घराणें स्कॉटलंडचें, पण जन्म हॉलंडमधील हेग शहरीं १८३९ सालचा. कायद्याचें शिक्षण लायडन विद्यापीठांत झालेलें. डच पार्लमेंटांत त्यांनीं कांहीं वर्षें काढलीं व पुढें १८७७ सालीं ते ब्रिटिश नागरिक झाले. पुस्तकांत रमणारा आणि विद्वानांची कदर करणारा असा हा गृहस्थ होता. त्यांच्या कारकीर्दींत दोन गोष्टी अशा घडल्या कीं, त्यांचें फळ या शहराला पुढें दीर्घकाल मिळालें. पहिली, १८८८ सालचा मुंबई महानगरपालिकेचा कायदा, जो पुष्कळ दुरुस्त्या होऊनहि अद्याप चालूच आहे. दुसरी, १८८९ सालीं मुंबईच्या हायकोर्टांत झालेली एका न्यायाधीशाची नेमणूक. या दोन्ही गोष्टींशीं ज्यांचा संबंध होता त्या पुरुषाविषयीं आज मला आपल्याशीं चार शब्द बोलावयाचे आहेत. ते म्हणजे काशिनाथ त्रिंबक तेलंग.

तेलंगांचें चरित्र सांगतांना एक प्रश्न आपण सारखा डोळ्यांपुढें ठेवूं. जो मनुष्य काल व्यासपीठावर उभा राहून सरकारशीं झगडत होता, तोच आज न्यायासनावर बसला, तर त्याचा न्याय निर्मळ राहूं शकतो काय? आणि लोकांचा पुढारी म्हणून त्यानें जें सांगितलें, तें त्याच्या स्वतःच्या घरांत खरें उतरलें काय? हे दोन प्रश्न जुने झालेले नाहींत. निवृत्त न्यायाधीश राजकारणांत जातात आणि राजकारणी वकील न्यायाधीश होतात, तेव्हां ते आपल्याहि घरांत चहाच्या वेळीं निघतातच.

तेलंगांचा जन्म मुंबईंत १८५० च्या ऑगस्ट महिन्यांत एका गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबांत झाला. जनक पिता बापू रामचंद्र तेलंग. परंतु काशिनाथपंतांना त्यांचे चुलते त्रिंबक रामचंद्र यांनीं दत्तक घेतलें, म्हणून त्यांचें नांव काशिनाथ त्रिंबक असें झालें. पांचव्या वर्षीं त्यांना अमरचंद वाडींतील मराठी शाळेंत घालण्यांत आलें आणि १८५९ सालीं ते एल्फिन्स्टन हायस्कुलांत गेले. तेथें त्यांना नारायण महादेव परमानंद हे शिक्षक भेटले. मामा परमानंद या नांवानें पुढें सर्व महाराष्ट्र ज्यांना ओळखूं लागला, तेच हे. गुरुशिष्यांचें नातें पुढें स्नेहांत बदललें आणि अखेरपर्यंत टिकलें. संस्कृतासाठीं ठेवलेली भगवानदास शिष्यवृत्ति तेलंगांनीं मिळविली. एल्फिन्स्टन कॉलेजांत ते फेलो झाले, एम्. ए. आणि एल्एल्. बी. या दोन्ही पदव्या त्यांनीं घेतल्या.

त्यानंतर त्यांनीं जो मार्ग धरला तो त्या काळीं सोपा नव्हता. हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडवर, म्हणजे ज्या शाखेंत खुद्द मुंबई शहरांतील मोठमोठे दावे चालत त्या शाखेंत, विलायतेहून आलेल्या बॅरिस्टरांचें राज्य होतें. विलायतेस न जातां, येथेंच परीक्षा देऊन त्या शाखेंत अॅडव्होकेट म्हणून उभें राहण्याचा मान एतद्देशीयांपैकीं प्रथम बाळ मंगेश वागळे यांनीं मिळविला. त्यांच्या पावलावर पाऊल टाकून तेलंग १८७२ सालीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, त्या पंक्तींत जाऊन बसले. इंग्रजी भाषेवरील प्रभुत्वांत ते बॅरिस्टरांना हार जाणारे नव्हते; आणि हिंदु धर्मशास्त्राचा प्रश्न निघाला कीं मूळ संस्कृत ग्रंथ उघडून दाखविण्याची जी सोय त्यांना होती, ती गोऱ्या बॅरिस्टरांना कोठून असणार? वकिली जोरानें चालूं लागली. मध्यंतरीं सरकारी नोकरीची संधि आली होती, ती त्यांनीं नाकारली.

श्रोतेहो, वकील म्हटला म्हणजे तो पैशासाठीं दुसऱ्याची बाजू मांडतो, असा एक समज आहे. तेलंगांनीं आपल्या ऐन उमेदीच्या वर्षांत ज्या दोन बाजू मांडल्या त्यांत पैशाचा संबंध नव्हता. जर्मनींतील थोर संस्कृतज्ञ आल्ब्रेख्त वेबर यांनीं रामायणावर ग्रीक कवि होमर याच्या काव्याची छाया आहे, असें प्रतिपादन केलें होतें. १८७३ सालीं तेवीस वर्षांच्या तेलंगांनीं रामायण होमरवरून उतरविलें काय, असाच प्रश्न मथळ्याला घालून त्याचें खंडन केलें. लोरिन्सर नांवाच्या दुसऱ्या एका जर्मन पंडितानें भगवद्गीतेंतील विचार ख्रिस्ती धर्मग्रंथांतून घेतलेले आहेत असें म्हटलें. तेव्हां १८७५ सालीं तेलंगांनीं गीतेचें इंग्रजी पद्यांत भाषांतर केलें आणि त्याच्या प्रस्तावनेंत त्या मताचा परामर्श घेतला. यांत लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, त्यांनीं कोठेंहि अभिमानाचा आरडाओरडा केला नाहीं. प्रतिपक्षाचा पुरावा एकेक करून तपासावयाचा, काळाचा मेळ बसतो कीं नाहीं तें पाहावयाचें, आणि मग आपलें मत द्यावयाचें, अशी त्यांची रीत होती. पुढें न्यायासनावर जी बुद्धि दिसली ती येथेंच तयार होत होती. १८८२ सालीं मॅक्समुल्लर यांच्या सुप्रसिद्ध ग्रंथमालेच्या आठव्या खंडांत गीता, सनत्सुजातीय आणि अनुगीता यांचें तेलंगकृत गद्य भाषांतर प्रसिद्ध झालें. याशिवाय भर्तृहरीचीं नीति व वैराग्य हीं शतकें आणि मुद्राराक्षस नाटक यांच्या त्यांनीं काढलेल्या आवृत्त्या संस्कृतच्या विद्यार्थ्यांच्या हातीं होत्याच.

आतां त्यांच्या राजकारणाकडे वळूं. फिरोजशहा मेहता, बद्रुद्दीन तय्यबजी आणि काशिनाथ तेलंग या त्रयीनें त्या वेळीं मुंबईचें सार्वजनिक जीवन घडविलें. एक पारशी, एक मुसलमान, एक हिंदु. तिघेहि वकील, तिघेहि तरुण. १८८३ सालीं इल्बर्ट बिलाचें वादळ उठलें. मुलखांतील हिंदी मॅजिस्ट्रेटांना युरोपियन आरोपींचे खटले चालविण्याचा अधिकार द्यावा, एवढीच त्या बिलाची मागणी. पण तिच्यावर गोऱ्या समाजानें काहूर माजविलें. तेव्हां २८ एप्रिल रोजीं मुंबईच्या टाउन हॉलमध्यें जी सभा भरली, तींत हे तिघेहि बोलले. न्यायाधीशाची कातडी कोणत्या रंगाची आहे यावरून त्याचा अधिकार ठरावा काय, हा तो प्रश्न होता. बोलणाऱ्या तिघांपैकीं दोघे पुढें त्याच शहरांत हायकोर्टाचे न्यायाधीश होणार आहेत, हें त्या दिवशीं कोणास ठाऊक होतें?

१८८५ च्या ३१ जानेवारीस या तिघांच्या पुढाकारानें बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेंत राष्ट्रीय सभेचें पहिलें अधिवेशन भरलें. कायदे मंडळांचा विस्तार व्हावा, त्यांत लोकनियुक्त सभासद असावेत, त्यांना अंदाजपत्रकावर बोलण्याचा आणि सरकारला प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळावा, हा त्या सभेचा तिसरा ठराव तेलंगांनीं मांडला. ही मागणी किती साधी होती हें आज ध्यानांत येणें कठीण आहे. त्या काळचा सभासद, कायद्याचा मसुदा पुढें आला असेल तर त्यावर बोले. मसुदा नसेल तर त्यानें गप्प बसावें, असा शिरस्ता होता. खर्चाविषयीं विचारण्याची सोय नव्हती. १८८८ सालच्या अलाहाबादच्या अधिवेशनांतहि याच विषयावर ते बोलले.

असा हा ठराव मांडणारा गृहस्थ स्वतः १८८४ पासून मुंबईच्या कायदे मंडळाचा सरकारनियुक्त सभासद होता. म्हणजे मंडळाबाहेर तें मंडळ अपुरें आहे असें सांगावयाचें आणि मंडळांत बसून हातीं आलेलें काम चोख करावयाचें, असा दुहेरी क्रम चालला होता. लॉर्ड रे यांच्या वेळचें सर्वांत मोठें काम म्हणजे वर सांगितलेला नगरपालिकेचा कायदा. मेहता आणि तेलंग हे दोघेहि तेव्हां मंडळांत होते. नगरपालिकेंत ७२ सभासद असावेत. त्यांपैकीं ३६ करदात्यांनीं निवडावेत, १६ जस्टिसांनीं, दोन विद्यापीठाच्या फेलोंनीं, दोन व्यापारी मंडळानें, आणि उरलेले १६ सरकारनें नेमावेत, अशी ती योजना होती. पुरतें स्वराज्य नव्हे. पण शहराचे निम्मे सभासद घरपट्टी भरणाऱ्यांनीं निवडावेत ही गोष्ट त्या काळीं लहान नव्हती. तेलंगांनीं स्थानिक राज्यव्यवस्थेवरील एका इंग्रजी पुस्तकाचें मराठी भाषांतरहि केलें. इंग्रजींत टाळ्या घेणाऱ्या या वक्त्याला, ज्याला कर द्यावयाचा त्याला कारभार त्याच्या भाषेंत कळला पाहिजे, ही जाणीव होती.

आतां त्यांच्या आयुष्यांतील अवघड भागाकडे यावयास हवें.

१८८६ सालीं स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीपुढें तेलंगांचें एक व्याख्यान झालें. विषय होता, सामाजिक सुधारणा आधीं कीं राजकीय सुधारणा आधीं? मलबारींनीं बालविवाह आणि सक्तीचें वैधव्य यांविरुद्ध रान उठविलें होतें, आणि आधीं आपलें घर सुधारा व मग हक्क मागा, असें कित्येक इंग्रज अधिकारी हिंदी पुढाऱ्यांना ऐकवीत होते. तेलंगांनीं उत्तर दिलें कीं, दोन्ही सुधारणा हव्यात. परंतु एकीसाठीं दुसरीनें खोळंबून राहिलें पाहिजे असें नाहीं. जेथें विरोध कमी तेथून पुढें सरावें. राजकारणांत आपल्याला एका सरकारची खात्री पटवावयाची असते. समाजकारणांत शेंकडों वर्षांच्या रूढीशीं, आणि स्वतःच्याच माणसांच्या भावनांशीं, गांठ असते. व्याख्यान मोठें मुद्देसूद होतें. पण हें तत्त्व माणसाच्या हातीं दुधारी आहे. कमी विरोधाची वाट धरणारा मनुष्य कधीं कधीं चालतां चालतां पलायनाच्या वाटेला लागतो.

तेलंगांना हा अनुभव घरींच आला. बालविवाहाविरुद्ध बोलणाऱ्या तेलंगांनीं आपल्या मुलीचा विवाह बालवयांतच लावून दिला. घरच्या मंडळींचा आग्रह मोडणें त्यांच्यानें झालें नाहीं. सुधारकांना याचा धक्का बसला आणि वर्तमानपत्रांतून त्यांच्यावर कडक टीका झाली. त्यांचे स्नेही रानडे यांच्यावरहि, पहिली पत्नी वारल्यावर विधवेशीं विवाह न करतां वडिलांच्या इच्छेनें अल्पवयीन मुलीशीं विवाह केल्याबद्दल, पूर्वीं असाच ठपका आला होता. या प्रसंगीं तेलंगांचें समर्थन करण्याचा माझा विचार नाहीं. कायद्याच्या मसुद्यांत एकेक शब्द तोलणाऱ्या पुरुषाला आपल्या अंगणांत एक नकार उच्चारतां आला नाहीं, आणि त्या नकाराची किंमत चुकती करावी लागली ती एका लहान मुलीला. तिचें मत कोणीं विचारलें नव्हतें. मोठ्या माणसांच्या चरित्रांतून अशीं पानें गाळण्याची आपल्याकडे चाल आहे. परंतु तीं गाळलीं तर उरलेल्या पानांवरहि विश्वास बसत नाहीं.

आणि त्याचबरोबर दुसरेंहि पान वाचलें पाहिजे. १८९१ सालीं संमतिवयाचें बिल आलें. मुलीच्या संमतीचें वय दहावरून बारा करावें, एवढाच तो मसुदा. पण त्यानें सारा महाराष्ट्र दुभंगला. सरकारनें आमच्या धर्मांत हात घालूं नये, असें टिळकपक्षानें म्हटलें. त्या वादांत तेलंग रानडे-भांडारकरांच्या बरोबर बिलाच्या बाजूनें उभे राहिले. येथें विरोध कमी नव्हता. होता तो प्रचंड होता. म्हणजे ज्यानें घरांत माघार घेतली त्यानेंच बाहेर, ऐन रोषांत, पाऊल रोवलें. या दोन पानांचा मेळ कसा घालावा तें ज्याचें त्यानें ठरवावें. मला मात्र वाटतें कीं, मनुष्याला समाजाची भीति वाटत नाहीं इतकी घरच्यांच्या डोळ्यांतील पाण्याची वाटते, आणि ही गोष्ट आपणां सर्वांच्या ओळखीची आहे.

१८८९ सालीं, मुंबई हायकोर्टाचे हिंदी न्यायाधीश नानाभाई हरिदास हे निवर्तल्यावर, त्यांच्या जागीं तेलंगांची नेमणूक झाली. वय अवघें एकोणचाळीस. राष्ट्रीय सभेच्या व्यासपीठावर अलाहाबादेस ते बोलले त्याला वर्षहि पुरतें झालें नव्हतें.

राजकारणी मनुष्य न्यायाधीश झाला म्हणजे काय होतें, याचें एक उदाहरण अमेरिकेंत सांपडतें. सॅल्मन चेस हे अध्यक्ष लिंकन यांचे अर्थमंत्री. यादवी युद्धाच्या खर्चासाठीं त्यांच्या खात्यानें कागदी नोटा काढल्या. १८६४ सालीं लिंकननीं त्यांना सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश नेमलें. पुढें १८७० सालीं त्याच नोटांचा खटला त्यांच्यापुढें आला, आणि जुन्या कर्जाच्या फेडीसाठीं त्या नोटा सक्तीनें घ्यावयास लावणें घटनेविरुद्ध आहे, असा निकाल खुद्द चेस यांनीं लिहिला. स्वतःच्याच कृत्याविरुद्ध निकाल देणारा न्यायाधीश जगांत विरळाच. परंतु हेच चेस मुख्य न्यायाधीश असतांना १८६८ सालीं अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीं धडपडत होते. न्यायासनावर बसूनहि डोळे दुसऱ्या आसनाकडे लागलेले होते. १८७१ सालीं न्यायालयानें नोटांबद्दलचा तो निकाल फिरविला, तेव्हां चेस विरुद्ध मत देऊन एका बाजूला पडले.

तेलंगांपुढें असा मोह नव्हता, असें कोणी म्हणेल. आणि तें खरेंहि आहे, कारण पारतंत्र्यांत अध्यक्षपद कोठलें? पण त्यांच्यापुढें दुसरी कसोटी होती. त्यांनीं न्यायासनावर सरकारचा सूड उगवावा अशी कांहींची अपेक्षा असेल, आणि ते आतां सरकारचे झाले असा कांहींचा समज असेल. त्यांनीं दोहोंपैकीं कांहींच केलें नाहीं. त्यांनीं मन घातलें तें हिंदु कायद्यांत.

त्या काळीं हिंदु कायद्याची स्थिति काय होती, हें थोडक्यांत सांगतों. वांटणी, दत्तक, स्त्रीधन, वारसा या बाबतींत हिंदूंना त्यांच्या शास्त्राप्रमाणें न्याय द्यावयाचा असें ठरलेलें होतें. पूर्वीं न्यायाधीशांच्या मदतीला कोर्टांत शास्त्री असत. १८६४ सालीं ती पद्धति बंद झाली. मग इंग्रज न्यायाधीशांच्या हातीं उरलीं तीं भाषांतरें: मिताक्षरेच्या दायभागाचें कोलब्रुककृत भाषांतर आणि आपल्या बाजूच्या व्यवहारमयूखाचें बोरॅडेलकृत. भाषांतरांत एखाद्या शब्दाची ओढाताण झाली कीं तिच्यावर निकाल उभा राही, त्या निकालावर दुसरा, आणि थोड्याच वर्षांत मूळ श्लोकांत नसलेली गोष्ट हिंदु कायदा म्हणून प्रस्थापित होई. मूळ ग्रंथ आणि इंग्रजी निकाल हे दोन्ही सारख्याच सहजतेनें वाचणारा न्यायाधीश तेथें येणें ही म्हणून केवळ मानाची बाब नव्हती. कोणाच्या शेताची वांटणी व्हावयाची, कोणत्या विधवेला काय मिळावयाचें, हें तिच्यावर अवलंबून होतें.

एक खटला सांगण्याजोगा आहे. आपाजी नरहर कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी कुलकर्णी, असें त्याचें नांव. मुंबईच्या इंडियन लॉ रिपोर्टांच्या सोळाव्या खंडांत तो छापला आहे. प्रश्न असा कीं, बाप आपल्या वडिलांशीं वा भावांशीं एकत्र राहत असतां त्याच्या संमतीवांचून मुलाला वडिलार्जित इस्टेटींतील आपला हिस्सा मागतां येतो काय? मिताक्षरेप्रमाणें वडिलार्जित मिळकतींत मुलाला जन्मतःच हक्क मिळतो. मुख्य न्यायाधीश सर चार्लस सार्जंट आणि बहुमत यांनीं ठरविलें कीं, नाहीं, बापाची संमति पाहिजे. तेलंगांनीं एकट्यानें भिन्न मत दिलें. जन्मतः हक्क आहे म्हणावयाचें आणि तो मागण्याची वाट मात्र बंद ठेवावयाची, हें मूळ ग्रंथाशीं जुळत नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. मुंबईंत बहुमताचाच कायदा चालला. परंतु पुढच्या काळांत मुंबईबाहेरील बहुतेक हायकोर्टांनीं तेलंगांच्या बाजूचा अर्थ धरला, आणि हिंदु कायद्याच्या मोठ्या ग्रंथांतून त्यांचें तें अल्पमत आदरानें नमूद होऊं लागलें. गंमत ही कीं, घरांत वडीलधाऱ्यांपुढें मान तुकविणाऱ्या या गृहस्थानें न्यायासनावरून मुलाचा हक्क बापाच्या मर्जीवर अवलंबून नाहीं असें लिहून ठेवलें.

१८९२ सालीं ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरु झाले. त्या जागीं बसणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. त्याच वर्षीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचें अध्यक्षपदहि त्यांच्याकडे आलें, आणि तेथेंहि ते पहिलेच. याच सुमारास ते मराठ्यांच्या बखरी चाळीत होते. त्यांतून निघालेला त्यांचा निबंध पुढें रानड्यांनीं आपल्या मराठी सत्तेच्या उदयावरील १९०० सालच्या ग्रंथाला जोडला. १८८५ सालीं ज्या मागणीचा ठराव त्यांनीं मांडला होता, तिच्यांतील थोडा भाग, म्हणजे अंदाजपत्रकावर बोलण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा मर्यादित हक्क, १८९२ च्याच कायद्यानें मिळाला. परंतु तो वापरण्यास तेलंग त्या मंडळांत नव्हते. ते न्यायासनावर होते, आणि त्यांची प्रकृति ढासळूं लागली होती.

१८९३ च्या ११ ऑगस्टला मुंबईंत हिंदु-मुसलमानांचा मोठा दंगा उसळला. कांहीं दिवस शहरांत रक्त सांडलें. जर्मन नाटककार लेसिंग याचें एक नाटक आहे. त्यांत ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान यांपैकीं कोणाचा धर्म खरा या प्रश्नाला एक शहाणा ज्यू व्यापारी सहिष्णुतेचें उत्तर देतो. तें नाटक तेलंगांनीं हौसेनें मराठींत आणलें होतें. तें मराठींत आणणारा, तय्यबजींच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला हा मनुष्य दंग्यानंतर तीन आठवड्यांनीं, १ सप्टेंबर १८९३ रोजीं, हें जग सोडून गेला. वय नुकतेंच त्रेचाळीस पुरें झालेलें.

त्यांच्या जागीं त्याच वर्षीं महादेव गोविंद रानडे आले. १८९५ सालीं बद्रुद्दीन तय्यबजी न्यायाधीश झाले. ते १८८७ च्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष होते. रानडे १९०१ सालीं वारल्यावर नारायण गणेश चंदावरकर आले. ते १९०० च्या सभेचे अध्यक्ष. राजकारणांतून न्यायासनाकडे जाणारी अशी एक परंपराच पडली. १८९७ सालीं टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला, तेव्हां इतरांनीं नाकारलेला जामीन न्यायमूर्ति तय्यबजींनीं दिला. त्या वेळीं टिळकांच्या वतीनें जामीन मागणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. आणि तेच दावर न्यायमूर्ति म्हणून बसले असतां १९०८ सालीं त्यांनीं टिळकांना जामीन नाकारला आणि सहा वर्षांची शिक्षा सांगितली. झगा एकच. तो अंगावर चढल्यावर एकाची बुद्धि जागच्या जागीं राहते आणि दुसऱ्याची पालटते, तें झग्यावर नव्हे, आंतल्या माणसावर अवलंबून असतें.

आरंभीं घेतलेल्या दोन प्रश्नांकडे परत येतों. राजकारणांतून आलेल्या माणसाचा न्याय निर्मळ राहूं शकतो काय? तेलंगांचीं चार वर्षें सांगतात, राहूं शकतो. मात्र त्यानें न्यायासनाला पायरी समजतां कामा नये, आणि बहुमतांत आपण एकटे पडलों तरी मूळ ग्रंथ मिटून ठेवतां कामा नये. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर इतकें समाधानकारक नाहीं. जें व्यासपीठावर सांगितलें तें घरांत पुरतें उतरलें नाहीं. आपल्यापैकीं कितीजणांच्या घरांत तें पुरतें उतरलें आहे, हें विचारण्याचा अधिकार मला नाहीं. प्रत्येकानें तें स्वतःलाच विचारावें.

उद्यां कोणी श्रोते हार्बर गाडीनें जात असतील आणि रे रोडची पाटी खिडकींतून दिसली, तर लॉर्ड रे यांची आठवण अवश्य करावी. ते भले गृहस्थ होते. पण त्याबरोबर ज्यांच्या सहभागानें त्यांच्या कारकीर्दीचें काम उभें राहिलें त्या काशिनाथपंतांचीहि करावी. आणि शेजारच्या मुलानें हा रे कोण, असें विचारलें, तर आतां आपल्याजवळ उत्तर आहे.